सोहारच्या टेस्टिंगला ओवा घातलेलं बेसन

"काकू, बेसन? इटालियन लोकांना तुम्ही बेसन घालणार?"

हा सावंत. आमचा कॅटरिंग मॅनेजर, रत्नागिरीचा. ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लांटचं मेस-कॉन्ट्रॅक्ट आमच्या कंपनीला हवं होतं आणि दुसऱ्या दिवशी टेस्टिंग होतं. टेस्टिंग म्हणजे काय, तर गिऱ्हाईक आधी चाखून बघतं, पटलं तर सही करतं. चाखणार होते प्लांटवरचे इटालियन इंजिनियर. किचन माझ्याकडे. मी काही शिकून शेफ झालेली नाही, चिपळूणला डबे देता देता इथवर आले.

सावंतचं म्हणणं, पांढऱ्या सॉसचा पास्ता आणि गार्लिक ब्रेड करा, विषय संपवा. मी नाही म्हटलं. त्याच वर्षी लेकीकडे इटलीला जाऊन आले होते ना. तिथे गाव बदललं की ताट बदलतं, अगदी आपल्यासारखं. खाली दक्षिणेत बारीला बाकल्याच्या, म्हणजे मोठ्या घेवड्यासारख्या दाण्यांचं घट्ट वरण आणि कडू पालेभाजी. वर उत्तरेत व्हेनिसकडे मक्याच्या पिठाची उकड. आणि जेनोव्हाच्या एका गल्लीत लाकडाची भट्टी, तिच्यात परातीएवढं तांब्याचं तबक. त्यात हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. याला फरिनाता म्हणतात. वरून खरपूस, आतून मऊ. उभ्याउभ्या खाल्लं आणि लेकीला म्हटलं, अगं, हे तर आपलं धिरडंच, भट्टीत गेलेलं.

"टेस्टिंग गेलं तर तुमचा व्हिसा रिन्यू करायला मी अर्बाबकडे शब्द टाकणार नाही," सावंत म्हणाला. अर्बाब म्हणजे आमचा ओमानी मालक.

"नको टाकूस. खलास. पांढरा सॉस माझ्या हातून होणार नाही."

बोलायला काय जातंय. साठीला आलेल्या बाईला दुसरा व्हिसा कोण देतो? रात्री झोप लागली नाही, हे खरं.

दुसऱ्या दिवशी फरिनाताचं तबक ओव्हनमधून काढून सरळ टेबलावर नेलं. त्यांचे मोठे साहेब लुका, व्हेनिसकडचे. त्यांनी एक तुकडा खाल्ला आणि काटा खाली ठेवला. "हे जेनोव्हाचं. आमच्याकडे कोणी खात नाही."

सावंतने माझ्याकडे असं बघितलं, जणू माझं परतीचं तिकीट काढूनच आलाय.

शेजारी मार्को नावाचा इंजिनियर बसला होता. तो निघाला जेनोव्हाचा. त्याने चावलं, थांबला, परत चावलं. "जरा जाड झालंय. आणि यात हे काय आहे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बेसन कालवताना हाताने सवयीने ओवा चोळून टाकला होता. आमच्याकडे बेसन म्हटलं की ओवा, त्यात विचार कसला करायचा.

"ओरेगॅनो, सर," सावंत पटकन म्हणाला. मला कोपर मारून मराठीत पुटपुटला, "काकू, ओरेगॅनोच म्हणा. वास तसाच असतो."

"ओरेगॅनो नाही," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. "ओवा. इंडियन. बेसन पोटाला जड पडतं, म्हणून घालतो. तुमच्याकडे घालत नाहीत, मला माहीत आहे."

सावंतने डोळे मिटले.

"माझ्या आईने हे बघितलं तर तुम्हाला किचनमधून हाकलेल," मार्को म्हणाला.

"मग त्यांना घेऊन या. मी त्यांनाही सांगेन कशासाठी घातलाय."

लुका हसले. मार्कोला म्हणाले, "बेसन भाजून त्याला जेवण म्हणणारी माणसं तुम्ही."

"आणि तुम्ही मक्याची लापशी ढवळत बसा," मार्को म्हणाला. मग दोघे आपल्या भाषेत जे भांडायला लागले, ते तबक रिकामं होईपर्यंत. जेनोव्हाचं कोणी खात नाही म्हणणाऱ्या साहेबांचा हातही तबकात होताच.

कॉन्ट्रॅक्ट मिळालं. माझा व्हिसा रिन्यू झाला, सावंतनेच कागद नेले. मेन्यूत दर गुरुवारी फरिनाता आला, ओवा वगळून. पांढऱ्या सॉसचा पास्ताही आला, आपल्या इंडियन इंजिनियरांनी मागितला म्हणून. तो सावंतच्या देखरेखीखाली होतो, मी तिकडे बघत नाही.

या धंद्यात मी एवढं शिकले, की तोंडावर नावं ठेवणारं गिऱ्हाईक उद्याही जेवायला येतं. भीती 'व्हेरी नाइस' म्हणून उठणाऱ्याची. आणि मार्कोला सांगून ठेवलंय, गुरुवारी पोट दुखलं तर माझ्याकडे यायचं नाही.