शोधकाच्या अंगणातला वड

माझा स्वभाव संशयी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही फ्लोरिडातल्या एका छोट्या शहरात आलो, तेव्हा पहिला संशय मी त्या शहरावरच घेतला. फार पूर्वी विजेच्या दिव्याचा जगप्रसिद्ध शोधक तिथे नदीकाठी हिवाळ्यापुरता राहायला यायचा. पुढे शेजारचं घर त्याच्या मित्रानं घेतलं, तोही शोधक. झालं! पूल त्यांच्या नावाचा, मॉल त्यांच्या नावाचा, रस्त्याकडेचे उंच पामही म्हणे त्या पहिल्यानंच लावलेले. दर फेब्रुवारीत त्याच्यासाठी दिव्यांची मिरवणूक. थंडी सरली की गाशा गुंडाळणारा पाहुणा तो! उन्हाळ्यात डास मारत इथे कोण राहत होतं, त्यांच्या नावाची एक गल्ली तरी दाखवा, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. सासऱ्यांना विमानाची धास्ती, ते नागपूरला धाकट्या दिराकडेच राहिले. जूनमध्ये त्यांना हार्ट अटॅक आला, बायपास झाली. घशात नळी, त्यामुळे फोनवर बोलणं बंद. सासूबाईंचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं मिळालं. दीर रोज फोनवर सांगायचा, "बाबा बरे आहेत." सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि रिसीव्हर खाली ठेवायच्या.

अशात वटपौर्णिमा आली.

"त्या शोधकाच्या घरी वड आहे नं?" सासूबाईंनी विचारलं.

होता. दोन्ही घरांचं आता संग्रहालय झालेलं, आणि बागेत हिंदुस्थानातून आणलेला वड. त्याच्या चिकातून रबर निघतं का ते बघायला लावलेला, असं गाइड सांगायचे. मला तेही पटलेलं नव्हतं. पण माझी खरी भीती वेगळीच होती. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यानंतरची ती वर्षं. साडी नेसलेली एक बाई शहराच्या लाडक्या झाडाला दोरा गुंडाळत काहीतरी पुटपुटतेय, हे बघून कुणी पोलिसांना फोन केला तर? आमची ग्रीन कार्डं अजून व्हायची होती.

"आई, कागदावर वड काढून देते, घरीच पुजा," मी म्हटलं.

"खरा असताना कागदाचा कायले?"

"तिथे फार गर्दी असते."

जूनच्या उकाड्यात तिथे काळं कुत्रं फिरकत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. "गर्दीचंच कारण आहे नं?" म्हणाल्या. मी मान डोलावली आणि कुकर लावायला गेले.

शेवटी नवरा म्हणाला, "ने गं तिला. होईल ते होईल." सकाळी संग्रहालयाचं दार उघडताच आम्ही दोघी आत शिरलो.

झाड कसलं, जंगलच ते. पारंब्यांची खोडं झालेली, मूळ खोड कुठलं तेच कळेना. सासूबाईंनी पिशवीतून सुताची गुंडी काढली मात्र, कमरेला वॉकीटॉकी लावलेली एक पिकल्या केसांची स्वयंसेविका आमच्या दिशेनं येऊ लागली.

"झाडाला काही बांधायचं नाही," ती म्हणाली.

मी घाईघाईनं इंग्रजीत सगळं सांगून टाकलं: यांचे यजमान हॉस्पिटलात आहेत, त्यांच्या आयुष्यासाठी ही पूजा आहे, या फक्त फेऱ्या घालतील. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या गुंडीकडे, आणि "बांधायचं मात्र नाही" एवढंच बजावून ती बाजूला झाली. मग सासूबाई सूत हातातच धरून अख्ख्या झाडाला फेऱ्या घालू लागल्या आणि ती बाई चार पावलांचं अंतर ठेवून त्यांच्यामागे चालत राहिली. त्यांना ऊन लागेल म्हणून, की नजर ठेवायला, कोण जाणे. सातही फेऱ्या होईपर्यंत माझं लक्ष त्या वॉकीटॉकीवरून हललं नाही.

गाडीत बसल्यावर सासूबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, दमल्या.

"म्हणजे ते आहेत," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तू नको नको म्हणत होतीस नं, तेव्हा मला वाटलं, सगळं संपलं आणि तुम्ही लपवून राहिले. सवाष्णीला वडाला जायला कोण अडवते? पण आज तू मला फेऱ्या घालू दिल्या. ते नसते तर तू घालू दिल्या नसत्या."

साऱ्या गावावर मी संशय घेत होते, आणि माझ्या घरात ही बाई इतके दिवस एकटी हे मनात घेऊन वावरत होती. मला स्वतःची चीड आली. मी पार्किंगमधूनच दिराला फोन लावला. तिकडे संध्याकाळ, भेटीची वेळ, तो हॉस्पिटलातच होता. बाबांची नळी सकाळीच काढली होती, पण आवाज फुटत नव्हता. "तरी फोन कानाशी धरा त्यांच्या," मी म्हटलं आणि माझा मोबाइल सासूबाईंच्या हातात दिला.

"अहो," त्या म्हणाल्या. पलीकडे काहीच नाही. "अहो, ऐकू येते नं?"

बराच वेळ नुसती खरखर. मग कुणीतरी खोकलं, कोरडं, दोनदा.

सासूबाईंनी फोन कानाशी आणखी दाबून धरला. तिसऱ्यांदा खोकला आला तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांचाच आहे."