आबांनी पास केलेला सिनेमा

दोंडाईच्याला स्टेशनामागच्या गल्लीत लहान पोरांना दाखवायचा सिनेमा कोणी आणला, की तो आधी अभिमन आबांपुढे जायचा. आबा मास्तर नव्हते, फार शिकलेलेही नव्हते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जत्रांमधल्या तंबूच्या सिनेमात मशीन चालवलं होतं. सारंगखेड्याच्या जत्रेत बायका कडेवर पोर घेऊन मशीनपाशी यायच्या आणि विचारायच्या, भाऊ, पोराला आत आणू का, भ्यायचं तर नाही ना? भाऊंचे आबा झाले, तंबू गेले, पण विचारणं तेवढं राहिलं.

सिनेमाबद्दल आबांच्या मनात कवडीचा आदर नव्हता. इतके सिनेमे डोळ्यांखालून गेलेल्या माणसाच्या मनात तो उरणार तरी कुठून? नायक म्हणजे अडीच तास फुकटचा मार खाऊन शेवटी अक्कल येणारा इसम, आणि प्रेक्षक म्हणजे त्याला अक्कल येईपर्यंत तोंड उघडं टाकून बसलेला कळप, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. त्यातही कार्टूनची त्यांना शिसारी होती. जुन्या सिनेमात पडणाऱ्याला निदान खरचटायचं तरी. हे रबरी बाहुले डोंगरावरून पडतात, उठतात, दात काढतात आणि पुन्हा मारामारीला लागतात.

गल्लीतले योगराज सर म्हणायचे, बालचित्रपटातून संस्कार व्हायला हवेत. आबा त्यांना तोंडावर सांगत, की सर, तुम्ही चाळीस वर्षं वर्गात संस्कारच करत होता, त्यातून गल्लीला काय मिळालं ते दिसतंच आहे. सर मग महिनाभर त्यांच्याशी बोलत नसत आणि आबांना त्याचं बरंच वाटे.

गेल्या दिवाळीपासून मात्र आबा सिनेमात एकच गोष्ट शोधत होते. बाप मरतो का?

त्यांचा मुलगा अमृत दोंडाईच्याची मिरची पिकअपमध्ये भरून सुरतला न्यायचा. दिवाळीच्या तोंडावर घाटात गाडी उलटली. अमृतची मुलगी नूतन तेव्हा चार वर्षांची होती. स्मशानातून माणसं परतली तेव्हा ती दारातच उभी होती आणि पप्पा कुठे म्हणून विचारत होती. सगळे आबांच्या तोंडाकडे बघायला लागले. आबा म्हणाले, सुरतले गया. गल्लीत तसाही जो दिसेनासा होतो तो सुरतलाच गेलेला असतो. कामाला गेलेला, भावाशी भांडून गेलेला, दुसऱ्याची पोरगी घेऊन पळालेला, सगळे सुरतला. नूतनला ते लगेच पटलं. पप्पा तर नेहमीच जायचा.

तेव्हापासून सगळी गल्ली ते खोटं सांभाळत होती. सुनेनं, मेघानं, एकदा धीर करून म्हटलं होतं, की जूनमध्ये पोरगी शाळेत जाईल, तिथलं कोणी तरी बोलून जाईल, त्यापेक्षा आपणच सांगू. आबांनी तिला झिडकारलं. बी.ए. झालेल्या पोरींना प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायची खाज असते, असं काहीतरी ते म्हणाले. मेघा पुन्हा बोलली नाही. नूतनने विचारलं की तीही सुरत म्हणू लागली.

सिनेमांचा मात्र वैताग होता. या कार्टूनवाल्यांना बाप मारल्याशिवाय गोष्ट सुचतच नाही, हे आबांना या सहा महिन्यांत कळलं. सुरुवातीची नावांची पाटी सरली की बाप मेलाच. सिंह असो, मासा असो, राजा असो. जणू बाप जिवंत असेल तर पोराच्या हातून पराक्रम होणारच नाही. आबांनी एकामागून एक सिनेमे नापास केले आणि गल्लीतली पोरं त्यांना शिव्या घालू लागली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या, गल्ली पोरांनी भरून गेली. पलीकडच्या आळीतला स्वप्नील मोबाइलवर खान्देशी विनोदाचे व्हिडिओ टाकायचा. आबांच्या मते तो वाया गेलेला होता. त्याने कुठूनसं एक परदेशी कार्टून मिळवलं होतं आणि दोस्तांना घेऊन त्यात सगळ्यांच्या तोंडी अहिराणी भरली होती. मंडळाने ते पडद्यावर दाखवायचं ठरवलं. स्वप्नील मोबाइल घेऊन आबांकडे आला.

आबांनी पहिलं काम केलं ते आवाज बंद करण्याचं. स्वप्नील कळवळला. म्हणाला, आबा, आमची सगळी मेहनत आवाजातच आहे. आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जन्मभर त्यांनी मशीनच्या घरघरीत सिनेमा पाहिला होता. नायक काय बोलतो ते त्यांना कधी ऐकू आलं नाही आणि त्याने त्यांचं काही अडलंही नाही. उलट बोलणं ऐकणारे फसतात, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"आवाज मोठास्नाकरता ऱ्हास," ते म्हणाले. "पोरे डोयाघाई दखतस." कान मोठ्यांचे, डोळे पोरांचे, हा त्यांचा जुना हिशोब होता.

सिनेमा त्यांच्या अपेक्षेइतकाच भिकार होता. निळ्या केसांचा एक पोरगा, हातातून वीज निघते, खांद्यावर बोलणारं मुंगूस. मुंगसाची हनुवटी इतकी हलत होती की ते गप्प बसतच नसावं. लोखंडी दाढीचा राजा पोराच्या बापाला धरून नेतो आणि मग पुढे नुसती हाणामारी. बापाला पिंजऱ्यात घालून आगीच्या नदीवर टांगलं तेव्हा आबा सावरून बसले. साखळी तुटली. आबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पिंजरा खाली गेला, पोरगा मागून उडी मारून गेला, आणि दोघं वर आले. शेवटी बापाने पोराला कडेवर घेतलं.

आबांनी श्वास सोडला. बाकीचं त्यांच्या दृष्टीने किरकोळ होतं. सैनिक धडाधड आगीत पडत होते, पण त्यांच्या चिलखतात माणूस नव्हता, धूर होता. रक्ताचा थेंब नाही. असल्या गोष्टीला चार वर्षांचं पोरही भीत नाही, हे त्यांना जत्रांमधून ठाऊक होतं.

"चालई," त्यांनी मोबाइल परत दिला. "बेक्कार शे, पन चालई. बाप जित्ता ऱ्हास."

आखाजीच्या दिवशी सकाळी घरात गेलेल्या माणसाची म्हणून अमृतच्या नावाची घागर भरली, तीही नूतनला शेजारी खेळायला पाठवून. संध्याकाळी अंधार पडल्यावर गल्लीत पांढरं कापड ताणलं गेलं. मेघा घरातच राहिली. आबा खुर्चीवर बसले आणि नूतन त्यांच्या पायाशी चटईवर. समोर सगळी गल्ली पसरलेली पाहून आबांना जुनं सगळं आठवलं आणि जुनाच तिटकारा आला. तीच उघडी तोंडं.

निळ्या केसांच्या पोराने पहिल्या सैनिकाला लाथ घातली. सैनिक आगीच्या नदीत गेला आणि पोरगा स्वप्नीलच्या आवाजात म्हणाला, "जाय भो, सुरतले!"

गल्ली खो खो हसली. माहेरवाशिणींनी तोंडाला पदर लावले. दुसरा सैनिक पडला. जाय भो, सुरतले. तिसऱ्याच्या वेळी पोरांनाच ते पाठ झालं. सैनिक कड्यावर डगमगायला लागला की सगळी एका सुरात ओरडायची आणि तो पडून, वितळून, धूर होऊन जायचा. मागच्या बायका मात्र एकेक करून गप्प झाल्या आणि आबांच्या खुर्चीकडे बघू लागल्या. स्वप्नीलच्याही ध्यानात आलं असावं. तो उठून मशीनकडे धावला, पण अंधारात वायरीत पाय अडकून तिथेच खाली बसला. गाढव, आबांच्या मनात आलं. आणि मग त्यांना आठवलं, की हा गाढव आवाज ऐका म्हणून हात जोडत होता.

नूतन ओरडत नव्हती. ती मान वर करून आबांकडे बघत होती.

"आबा, मना पप्पाले सुरतले कोनी धाडं?"

आबांच्या तोंडाशी दुसरं खोटं तयार होतं. सुरत दोन असतात, ही वेगळी, ती वेगळी. पोरीने तेही मानलं असतं. पण पडद्यावरच्या लोकांचा जो तिटकारा त्यांना आयुष्यभर आला, तोच आता स्वतःचा आला, आणि तो सहन होईना. पडद्यावरच्यांनी निदान धुराच्या माणसांना आगीत ढकललं होतं. आबांनी स्वतःच्या पोटच्या पोराला मरूही दिलं नव्हतं, आणि या पोरीला रडूही दिलं नव्हतं.

त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं.

"कोनीच धाडं नही, बेटा. तुना पप्पा मरी गया. गाडी उलटनी. तो आते परत येवाव नही."

समोर पोरं ओरडत होती. नूतनने घराकडे पाहिलं. दारात दिवा होता आणि आत मेघा काहीतरी आवरत फिरत होती. पोरीने आबांच्या कानाला तोंड लावलं.

"मम्मीले सांगू नको, आबा," ती म्हणाली. "तिले आजून माहीत नही."