डोंगराखालचं कासव

गेल्या वर्षी एका सकाळी, प्रताप नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात कणीक मळताना मला अचानक गरगरलं. ओटा, भिंत, खिडकी, सगळं फिरायला लागलं आणि मी खालीच बसले. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानाच्या आतला तोल बिघडलाय; जिवाला धोका नाही, पण अधूनमधून होत राहील. त्यांनी गोळ्या दिल्या. भीतीवर मात्र गोळी नव्हती. मी शाळेत शिकवते. वर्गात पडले तर, जिन्यात पडले तर, या विचारानं रजा घेऊन घरी बसले. भोवळ नसतानाही भिंतीला हात लावून चालायची.

त्याच दिवसांत सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांची रोजची पोथी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी तशी पोथी वाचणारी नव्हे. पण मला कुठं जायचं नव्हतं आणि त्यांना ऐकायचं होतं.

एका दुपारी समुद्रमंथन आलं. देव-दानवांनी घुसळायला डोंगर आणला; खाली आधार नसल्यानं तो बुडायला लागला, तेव्हा विष्णूनं कासव होऊन तो पाठीवर घेतला. गोष्ट लहानपणापासून ठाऊक होती, तरी मी तिथंच अडकले.

"काहून थांबली वं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, वर एवढी घुसळण चाललेली असताना त्या कासवाला काय वाटलं असेल?"

"त्याले काय वाटते? ते आपलं खाली बसून राह्यलं. तू वाच पुढं, अजून अमृत निघाचं आहे."

मी वाचत गेले, पण मन खालीच राहिलं. कासवानं घुसळण थांबवली नव्हती. ते फक्त तिच्याखाली होतं. मला वाटलं, हा समुद्र दूर कुठं नाहीच. तो माझ्यात आहे, आणि त्याच्या तळाशी न हलणारं काहीतरी असणारच.

पुढची भोवळ गच्चीवर कपडे वाळत घालताना आली. मी कठड्याला टेकून बसले, डोळे मिटले आणि मनानं खाली उतरत गेले. हिरवं पाणी, मग काळं, मग ती रुंद, गार पाठ. वर डोंगर फिरत होता. मी त्याला फिरू दिलं. पहिल्यांदाच भीती वाटली नाही.

सासूबाई जिना चढून आल्या. "बोलावू का कोणाले?"

"नको. फिरून राहिलंय, थांबेल आपोआप."

त्या माझ्या शेजारी बसल्या.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, "छान. गोळ्या मात्र बंद करू नका." मी केल्या नाहीत. महिन्याभरात शाळेत रुजू झाले. आता वर्गात कधी गरगरलं, तर पोरांना धडा मनात वाचायला सांगते आणि खुर्चीत डोळे मिटून बसते. थोड्या वेळानं उठून फळ्यावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करते.