पप्पांच्या सिनेमातली हजेरी

मंडळी, आज पप्पांचा लाडका सिनेमा लावला. ते गेल्यानंतर पहिल्यांदाच.

जुना, इंग्रजी, गाण्यांचा. एका देशाचा जन्म होतो त्यात. शेवटी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्यांसाठी एकेकाचं नाव पुकारतात. ओझरच्या कारखान्यात पप्पांची रोज अशीच हजेरी व्हायची, म्हणून ते सोफ्यावरून प्रत्येक नावाला "हजर" म्हणायचे. आम्ही हसायचो.

आज पहिलं नाव आलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "हजर." मग शेवटपर्यंत प्रत्येक नावाला तिनेच ओ दिली.

मी टीव्ही बंद केला, तर आई दारात उभी. तिने पप्पांचं पूर्ण नाव पुकारलं. उखाण्याशिवाय तिच्या तोंडून ते मी कधीच ऐकलं नव्हतं.

ती अजून तिथेच उभी आहे. मी काय म्हणू?