दवाखान्यावरून रिकामी गेलेली जीप

ती दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन निवृत्त झालो, ते कुणाच्या चिठ्ठीवर नाही.

जळकोट रस्त्यावर जीपवाला बाईला उडवून पळाला, असा फोन आला. पोचलो तर रस्ताभर कडबा सांडलेला. बाईला एका टेम्पोवाल्यानं नुकतंच तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. पंचनामा केला. ब्रेकच्या खुणा रस्त्याच्या डाव्या बाजूलाच होत्या, म्हणजे जीप आपल्या बाजूनंच चालली होती. डोक्यावर भारा, बाईला गाडी दिसलीच नसावी. ड्रायव्हरची चूक फारशी नव्हती.

कागद लिहीत होतो तोवर निरोप आला, बाई गेली. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणली असती तर वाचली असती."

दुसऱ्या दिवशी गॅरेजचा मिस्त्री ठाण्यात आला. "साहेब, काच बदलाया एक जीप आली हाय. जाळीत कडबा अडकलाय."

ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. चाळिशीचा, दोन लेकींचा बाप. दोन तास त्याचं एकच पालुपद, "म्हैस आडवी आली, साहेब."

"म्हैस डोक्यावर कडबा घेऊन चालली होती काय रे?"

म्हशीचं पालुपद तिथं सुटलं. "बाई पानी मागत होती, साहेब."

"मग उचलली का नाहीस? दवाखान्याच्या फाटकावरूनच गेलास ना?"

"गेलो. रिकामी गाडी घेऊन गेलो. पर तुमचंच भ्याव वाटलं. पोळ्याच्या आदल्या दिशी स्टँडवर तुमीच म्हनले, ज्याच्या गाडीखाली मानूस येईल त्याला सोलून काढीन."

म्हणालो होतो. सगळे ड्रायव्हर चळचळा कापले, तेव्हा छाती फुगली होती माझी.

कायदा तसं सांगत नाही. गाडी थांबवा, जखमीला दवाखान्यात पोचवा, ठाण्यात कळवा, विमा कंपनीलाही कळवा. लोक अंगावर आले तर तिथून निघा, पण सरळ जवळच्या ठाण्यात जा. गॅरेजात जाऊ नका. चूक नसलेला माणूसही पळाला की गुन्हेगार होतो.

पुढं त्याच स्टँडवर उभा राहून मी हे सांगितलं, पण आधीचं बोलणं चुकलं, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. केस डायरीत लिहिलं, 'आरोपी भीतीपोटी पळाला.' कुणाच्या भीतीनं, ते लिहिलं नव्हतं.

ते आज लिहिलं.