आईचा नवा फोन

व्हिडिओ कॉलवर आई वाक्याच्या मध्येच थांबायची आणि मी तिच्या जुन्या फोनला दोष द्यायचे. शेवटी गेल्या आठवड्यात साताऱ्याला जाऊन तिला फाइव्ह-जी फोन घेऊन दिला.

काल चित्र इतकं स्वच्छ होतं, की तिच्या मागचा पडदा वाऱ्याने हलताना दिसत होता. "आज भाजीला मी..." म्हणून ती थांबली. पडदा हलतच होता.

"आई, ऐकू येतंय ना?"

"येतंय गं. भाजीचं नाव आठवेना."

"कधीपासून होतंय असं?"

"बरेच दिवस. तू म्हणायचीस फोन जुना झालाय, मीही हो म्हणायचे."

तेव्हापासून घरभर नुसती फिरतेय. फोन घेतलाच नसता तर बरं झालं असतं, असं मनात येतं आणि लगेच लाज वाटते. बॅग भरलीय. उद्या पहिल्या एसटीने निघतेय.