साळवेसरांची पीएचडी आणि कुड्याची साल

बाहत्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. आमच्या साळवेसरांना कुड्याच्या झाडाच्या सालीतलं पोट बरं करणारं द्रव्य वेगळं काढायचं होतं. त्याचे पांढरे स्फटिक मिळाले की पीएचडी. दोन वर्षं फ्लास्कमध्ये नुसता काकवीसारखा चिकट अर्क जमत होता. किस्से मात्र इतके जमले, की आम्ही जुने लोक भेटलो की अजून पुरतात.

* * *

साल कुटण्यात फार वेळ जातो म्हणून सरांनी एकदा ती पिठाच्या गिरणीतून दळून आणली. त्या दिवशी अख्ख्या गल्लीच्या भाकऱ्या कडूजहर! गिरणीवाला तणतणत आला. "सर, आता पीएचडी झाल्यावरच दळन आना."

दुसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा लॅबच्या दारात उभे. "कालचं पीठ अजून हाय का? लई दिसांनी पोटाला आराम पडला."

* * *

नळ आटले. पण अर्काची वाफ गार करायला पाणी हवंच. मग आमचा शिपाई गंगाधर स्टुलावर चढून काचेच्या नळीवर तांब्यानं धार धरायचा. खाली बादलीत पडलेलं पुन्हा वर. एकदा प्रिन्सिपॉल डोकावले.

"हे काय चाललंय?"

"अभिषेक, सायेब."

"कुणाला?"

"सरांच्या पीएचडीला."

* * *

साल आणून द्यायच्या अकोले तालुक्यातल्या ठकूबाई. एकदा लॅब बघून म्हणाल्या, "एवढ्या बाटल्या कशापायी? आमी ताकात उगाळून देतो."

"औषध का लागू पडतं ते शोधतोय, मावशी," सर म्हणाले.

"लागू पडतं ना? मंग झालं की."

सरांनी त्यांच्यासाठी चहा मागवला.

* * *

शेवटी पुण्याहून गाइडचं पत्र आलं. दिवाळीपर्यंत स्फटिक दाखवा, नाहीतर विषय बदला. सरांचा चेहरा बघवेना. साल संपली होती, म्हणून आम्ही दोघं ठकूबाईंच्या गावी गेलो. झाडाला आदल्या दिवशी आवतण द्यायचं आणि मगच साल काढायची, ही तिकडची रीत. ठकूबाईंनी सरांच्या हातावर हळदीचे तांदूळ ठेवले. "म्हना, उद्या न्यायला येतो, गुन घिऊन चल." सर पक्के विज्ञानवाले, त्यात दर रविवारी चर्चला जाणारे. पण बाईचं मन कशाला मोडा, म्हणून पुटपुटले.

त्याच आठवड्यात फ्लास्कच्या तळाशी पांढरेशुभ्र स्फटिक बसले. मला तर रडूच आलं. गाइड नगरला आले, स्फटिक तपासले आणि म्हणाले, "उत्तम! आता हेच पुन्हा करून दाखवा. काहीही बदलू नका."

शनिवारी सरांना अकोल्याच्या एसटीत बसवायला गेलो. त्यांच्या पिशवीत कोयता होता आणि एक कागदाची पुडी. मी पुडीकडे नुसतं बघितलं.

"तांदूळ," सर म्हणाले. "काहीही बदलू नका म्हणालेत."